चाकांवरचे घर आणि विमानतळावरील जलद तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घर विकून किंवा भाड्याची जागा सोडून मोटरहोम, ट्रेलर अथवा व्हॅनमध्ये बाराही महिने राहणारी मंडळी विमानाने फारशी जात नसतील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात गाडी एखाद्या आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे अशा राहत्या गाड्यांच्या (आरव्हींच्या) तळावर, उभी करून नातवंडांकडे, ठरलेल्या डॉक्टरांकडे किंवा भारतात जाण्याची वेळ त्यांच्यावरही येतेच, आणि अशा वेळी टीएसए या अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेचे प्रीचेक (सुरक्षा तपासणीची जलद रांग) किंवा ग्लोबल एंट्री (परदेशातून परतताना इमिग्रेशनची जलद सोय) जवळ असेल तर बरीच दगदग वाचते. अर्ज करताना मात्र पत्त्याच्या रकान्याशी हात अडतो. पुढील प्रश्नोत्तरांचा बराचसा भाग त्या रकान्याविषयीच आहे.

बूट काढण्याचा नियम सर्वांसाठीच गेला, मग प्रीचेकचा उपयोग काय उरला?

जुलै २०२५ पासून अमेरिकेतील विमानतळांवर सर्वसाधारण रांगेतील प्रवाशांनाही बूट काढावे लागत नाहीत, हे खरे आहे. तरीही प्रीचेकच्या रांगेत पट्टा आणि हलके जाकीट अंगावरच राहते, लॅपटॉप आणि द्रवपदार्थांची पिशवी बॅगेबाहेर काढावी लागत नाही आणि रांग स्वतंत्र असते. प्रीचेकचे सुमारे ९९ टक्के प्रवासी दहा मिनिटांच्या आत पुढे सरकतात, असे टीएसए सांगते. द्रवपदार्थांसाठी १०० मिलिलिटरची मर्यादा मात्र प्रीचेकवाल्यांनाही तशीच लागू आहे. वर्षातून एखादाच प्रवास करणाऱ्याने यासाठी फार धावपळ करू नये. वर्षाकाठी तीन-चार विमानप्रवास होत असतील, तर पाच वर्षांसाठी भरलेले शुल्क वसूल होते, असे माझे मत आहे.

कायमचे घर नसेल तर अर्ज करता येतो का?

येतो. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असणे, ओळख सिद्ध करता येणे आणि पार्श्वभूमीच्या तपासणीत काही आक्षेपार्ह न सापडणे, या प्रीचेकच्या मुख्य अटी आहेत. अर्जदार विटांच्या घरात राहतो की चाकांच्या, याच्याशी पात्रतेचा संबंध नाही. टीएसए बोटांचे ठसे, नाव, जन्मतारीख आणि नागरिकत्व यांच्या आधारे गुन्हेगारी, स्थलांतर आणि दहशतवादविषयक नोंदी तपासते. तुमच्या दारात कोणी पाहायला येत नाही.

पूर्णवेळ फिरणाऱ्यांचे अर्ज अडतात ते बहुधा कागदपत्रांच्या विसंगतीमुळे. वाहन परवान्यावर विकलेल्या घराचा पत्ता, बँकेत मुलीच्या घराचा, गाडीच्या नोंदणीवर तिसऱ्याच राज्यातला आणि अर्जात चौथा, अशी स्थिती असेल तर आधी ती निस्तरावी आणि मग अर्ज भरावा. हा क्रम पाळला की पुढचे काम सरळ होते.

मग अर्जात राहण्याचा पत्ता म्हणून काय लिहायचे?

जे कायद्याने तुमचे अधिवासाचे राज्य आहे, तिथला परवान्यावर असलेला पत्ता लिहावा. पूर्णवेळ आरव्हीत राहणारे बहुसंख्य लोक टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा या तीनपैकी एका राज्यात अधिवास घेतात. या तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही आणि टपाल स्वीकारून पुढे पाठवणाऱ्या सेवा तिथे अनेक वर्षांपासून चालू आहेत. टेक्सासमधील लिव्हिंगस्टन या लहानशा गावी एस्केपीज या आरव्हीधारकांच्या संघटनेचे मोठे टपाल केंद्र आहे, आणि हजारो फिरस्त्यांच्या परवान्यांवर त्याच गावाचे नाव असते. अशा सेवेकडून रस्त्याचे नाव आणि खासगी पेटीचा क्रमांक असलेला पत्ता मिळतो. टपाल कार्यालयातील पोस्ट बॉक्स ही वेगळी गोष्ट आहे आणि राहण्याचा पत्ता म्हणून तो सहसा चालत नाही.

अशी सेवा घेताना अमेरिकी टपाल खात्याचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, आणि त्यासाठी ओळखीचे दोन पुरावे व सध्याच्या पत्त्याचा आधार लागतो. त्यामुळे घर सोडल्यानंतर टपालाचा पत्ता घेऊ म्हणणाऱ्यांची पंचाईत होते, कारण नवा पत्ता मिळवायला जुना पत्ता दाखवावा लागतो आणि तोवर जुन्या घरात दुसरे कुटुंब राहायला आलेले असते. म्हणून घराची किल्ली सोपवण्यापूर्वीच हा फॉर्म भरून मोकळे व्हावे.

एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. सोय म्हणून भावाचा किंवा मित्राचा पत्ता “मी इथेच राहतो” असे सांगून लिहू नये. हे संघीय सरकारचे अर्ज आहेत आणि त्यांत जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. अधिकाऱ्याने विचारलेच, तर “आम्ही मोटरहोममध्ये राहतो, अधिवास टेक्सासचा आहे आणि टपाल या पत्त्यावर येते” असे सरळ सांगावे. निवृत्तीनंतर असे राहणारे लोक अमेरिकेत इतके आहेत की या उत्तराचे कोणाला नवल वाटत नाही.

रिअल आयडी नसेल तर प्रीचेक अडते का?

हे दोन वेगळे विषय आहेत. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानप्रवासासाठी राज्याचे ओळखपत्र रिअल आयडीच्या, म्हणजे संघीय सरकारने ठरवलेल्या, निकषांत बसणारे असावे लागते, किंवा त्याऐवजी पासपोर्ट, ग्रीन कार्ड असा दुसरा मान्य पुरावा दाखवावा लागतो. प्रीचेक मिळाले तरी ही अट सुटत नाही.

फिरस्त्यांना रिअल आयडी काढणे जड जाते, कारण त्यासाठी मुख्य निवासाचा पत्ता दाखवणारे दोन कागद मागितले जातात आणि टपालसेवेच्या पत्त्याकडे काही कार्यालये साशंकतेने पाहतात. साउथ डकोटाने अनेक वर्षे प्रवाशांसाठी वेगळे प्रतिज्ञापत्र आणि राज्यातील एका रात्रीच्या मुक्कामाची पावती एवढ्यावर परवाना दिला. अधिवासाचे नियम मात्र राज्यांच्या विधिमंडळांत वारंवार चर्चेला येतात, त्यामुळे गाडी तिकडे वळवण्यापूर्वी त्या राज्याच्या संकेतस्थळावरील सध्याची यादी वाचावी. माझा सल्ला विचाराल तर पासपोर्ट चालू ठेवावा. अमेरिकी पासपोर्टवर सरकारने छापलेला घरचा पत्ता नसतो, आणि पत्त्याच्या कटकटीने त्रासलेल्या माणसाला याहून सोयीचे ओळखपत्र नाही.

नोंदणीसाठी अधिवासाच्या राज्यातच जावे लागते का, आणि तिथे काय घडते?

नाही. नोंदणी केंद्र कोणत्याही राज्यातील चालते, आणि फिरणाऱ्यांसाठी ही मोठीच सवलत आहे. थंडीत ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात तळ टाकलेला माणूस फिनिक्सला सामान आणायला जाताना वाटेत हे काम उरकू शकतो. नोंदणी आयडेमिया, टेलोस आणि क्लिअर या तीन कंपन्यांमार्फत होते आणि शुल्क कंपनीनुसार साधारण ७७ ते ८५ डॉलरच्या दरम्यान असते. प्राथमिक अर्ज ऑनलाइन भरून वेळ घ्यावी. जिथे दोन-तीन आठवडे मुक्काम नक्की आहे अशाच ठिकाणची वेळ घ्यावी, कारण इंजिन बिघडले किंवा वादळाचा इशारा आला की आपला कार्यक्रम कोलमडतो.

केंद्र म्हणजे बहुधा एखाद्या स्टेशनरीच्या दुकानाच्या कोपऱ्यातले टेबल असते. कर्मचारी कागद स्कॅन करतो, दहा बोटांचे ठसे काचेवर घेतो, छायाचित्र काढतो आणि पैसे घेतो. सगळे मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात. नागरिकाकडे मुदतीतला पासपोर्ट असेल तर ओळख आणि नागरिकत्व या दोन्हींसाठी तो एकटा पुरतो. पासपोर्ट नसेल तर छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि जन्मदाखल्यासारखा नागरिकत्वाचा पुरावा असे दोन्ही मूळ स्वरूपात न्यावे लागतात. गाडीत राहणाऱ्यांचे असे कागद पुष्कळदा दूरच्या शहरातल्या भाड्याच्या लॉकरमध्ये किंवा बँकेत असतात, म्हणून वेळ घेण्यापूर्वी ते हाताशी आणून ठेवावेत. रोख रक्कम आणि वैयक्तिक धनादेश स्वीकारले जात नाहीत. अनेक क्रेडिट कार्डे हे शुल्क परत देतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या कार्डाच्या सवलती पाहाव्यात.

मराठी पद्धतीच्या नावांमुळे अडचण येते का?

पत्त्याखालोखाल आपल्याकडच्या मंडळींना छळणारा विषय हाच आहे. प्रीचेकची खूण बोर्डिंग पासवर उमटण्यासाठी तिकिटावरील नाव, जन्मतारीख आणि मंजुरीनंतर मिळणारा प्रवासी क्रमांक हे नोंदणीशी जुळावे लागतात. आपल्या पासपोर्टांवर पुष्कळदा स्वतःचे आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकाच रकान्यात असते. वाहन परवान्यावर मधल्या नावाचे फक्त आद्याक्षर असते आणि विमान कंपनीच्या खात्यात ते मुळीच नसते. लग्नानंतर ज्यांचे नाव आणि मधले नाव दोन्ही बदलले, त्यांच्याकडे तर तीन वेगवेगळ्या नावांचे कागद निघतात.

उपाय सोपा असला तरी चिकाटीचा आहे. केंद्रावर जे ओळखपत्र दाखवणार त्यावर नाव जसे आहे तसेच अर्जात लिहावे, माहेरचे आणि पूर्वीचे प्रत्येक नाव पूर्वीच्या नावांच्या रकान्यात द्यावे, नावबदलाचा पुरावा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला बरोबर ठेवावा, आणि त्यानंतर प्रत्येक विमान कंपनीच्या खात्यात जाऊन नाव अक्षरशः तसेच करून घ्यावे. केंद्रावरील पडद्यावर सही करण्यापूर्वी स्पेलिंग स्वतः वाचावे. कर्मचाऱ्याला “ज्ञानेश्वर” ऐकून लिहिता येईल, ही अपेक्षा ठेवू नये.

मंजुरी कशी कळते? टपाल तर महिन्यातून एकदाच आमच्यापर्यंत पोहोचते.

प्रीचेकसाठी कार्ड मिळत नाही, फक्त क्रमांक मिळतो. निर्णय ईमेल, फोन किंवा लघुसंदेशाने कळतो आणि क्रमांक ऑनलाइनही पाहता येतो. बहुतेकांना तो तीन ते पाच दिवसांत मिळतो, मात्र काहींच्या बाबतीत ६० दिवसांपर्यंतही वेळ जाऊ शकतो. हा क्रमांक प्रत्येक आरक्षणात भरावा लागतो. बोर्डिंग पासवर खूण नसेल तर रांगेतील कर्मचारी नुसत्या क्रमांकावर आत सोडत नाही.

टपाल महत्त्वाचे ठरते ते नकाराच्या वेळी. तपासणीत काही आढळले तर टीएसए लेखी कळवते आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याची संधी देते. त्या उत्तराला मुदत असते. कोर्टातील एखादे जुने प्रकरण निकाली निघूनही नोंदीत उघडेच दिसत असेल, तर नेमके हेच पत्र येते. म्हणून अर्ज केल्यानंतरचे दोन महिने तरी टपालसेवेला पाकिटांची छायाचित्रे पाठवायला सांगावे आणि सरकारी पाकीट दिसताच ते उघडून स्कॅन करून घ्यावे.

प्रीचेक घ्यावे की थेट ग्लोबल एंट्री?

परदेशी, म्हणजे आपल्या बाबतीत बहुधा भारतात, पाच वर्षांत एकदा जरी जाणार असाल तरी ग्लोबल एंट्रीचा विचार करावा. तिचे शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर आहे, मुदत तीच पाच वर्षांची आहे आणि तिच्यात प्रीचेकचा लाभ अंतर्भूत आहे. अमेरिकेत परतताना इमिग्रेशनची लांब रांगही टळते.

फिरस्त्यांसाठी मात्र हा अर्ज अधिक कष्टाचा आहे. सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा विभाग, म्हणजे सीबीपी, मागील पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि परदेशप्रवास विचारतो, आणि त्यात खंड चालत नाही. विकलेल्या घराचा पत्ता ज्या महिन्यात संपतो त्याच महिन्यापासून अधिवासाचा पत्ता सुरू झाला पाहिजे. मधले चार महिने तुम्ही बहिणीच्या अंगणात ट्रेलर लावून राहिला असाल आणि तेव्हा दुसरा कायदेशीर पत्ताच नसेल, तर तो बहिणीचा पत्ता त्या काळापुरता लिहावा, कारण तिथे तुम्ही खरोखरच राहत होता. प्रत्येक कॅम्पग्राउंडची नोंद करत बसण्याचे कारण नाही. निवृत्त असाल तर निवृत्त, स्वतःचा व्यवसाय असेल तर स्वयंरोजगार, असे लिहून तोही काळ सलग भरावा.

ग्लोबल एंट्रीसाठी मुलाखतही द्यावी लागते. तिला पासपोर्ट, परवाना आणि परवान्यावरचा पत्ता जुना असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा न्यावा लागतो. विजेचे बिल फिरस्त्यांकडे नसते. त्यांनी बँकेचे विवरण, गाडीचा विमा आणि नोंदणी हे कागद एकाच पत्त्यावर असल्याची खात्री करून सोबत ठेवावेत.

मुलाखतीची वेळ मिळवणे हीच मोठी अडचण असते, कारण अनेक केंद्रांवर ती महिनोन्महिने मिळत नाही. सशर्त मंजुरी, म्हणजे मुलाखतीपूर्वीची प्राथमिक मंजुरी, मिळाली असेल तर परदेशातून परत येताना विमानतळावर उतरल्याबरोबर मुलाखत देता येते, आणि तिला आधी वेळ घ्यावी लागत नाही. भारतातून येऊन न्यूअर्कला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला उतरणाऱ्या प्रवाशाने ही सोय अवश्य वापरावी. ज्याचा पुढच्या आठवड्याचा मुक्कामही अनिश्चित असतो, त्याच्यासाठी याहून चांगली व्यवस्था नाही. मात्र पुढचे जोडविमान लगेच असेल तर या फंदात पडू नये.

ग्लोबल एंट्रीचे कार्ड टपालाने येते आणि ते ऑनलाइन सक्रिय करावे लागते. विमानतळावर त्याची गरज पडत नाही, परंतु मेक्सिको किंवा कॅनडाच्या सीमेवरून जमिनीने परतणाऱ्यांना ते उपयोगी पडते. मंजुरी येण्यापूर्वीच ऑनलाइन खात्यातील टपालाचा पत्ता तपासून घ्यावा.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना हे मिळते का?

ग्रीन कार्ड असेल तर प्रीचेक आणि ग्लोबल एंट्री दोन्हींसाठी अर्ज करता येतो. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना केवळ प्रीचेकसाठी अर्ज करता येत नाही. परंतु भारतीय नागरिकांना २०१७ पासून ग्लोबल एंट्री खुली आहे आणि ती मिळाली की प्रीचेकही मिळते. या मार्गात भारत सरकारकडूनही पार्श्वभूमीची पडताळणी होते आणि तिच्यात पोलीस पडताळणीचा समावेश असतो. अमेरिकेतील पत्ता फिरता आणि भारतातील फ्लॅट कुलूपबंद, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी गावाकडे चौकशी झाल्यास उत्तर देणारे कोणीतरी घरी असेल, अशी व्यवस्था करावी. शेजारच्या काकूंना आधी कल्पना द्यावी, नाहीतर “ते इथे राहत नाहीत” एवढे एकच वाक्य नोंदवले जाण्याचा धोका असतो.

मुले आणि भेटीला आलेले आईवडील आमच्याबरोबर त्या रांगेतून येऊ शकतात का?

१२ वर्षांपर्यंतची मुले प्रीचेक असलेल्या पालकाबरोबर जाऊ शकतात. १३ ते १७ वयोगटातील मुलांना एकाच आरक्षणात असल्यास आणि त्यांच्या बोर्डिंग पासवरही खूण उमटल्यास जाता येते. पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना तुमच्या क्रमांकाचा लाभ होत नाही. त्यांना साध्या रांगेत एकटे सोडण्यापेक्षा आपणही त्यांच्याबरोबर उभे राहिलेले बरे.

गाडीतून थेट विमानतळावर जाताना बॅगेत काय तपासावे?

जी बॅग एरवी डोंगरात नेता तीच विमानात नेणार असाल, तर ती पूर्ण रिकामी करून पुन्हा भरावी. अस्वलांपासून संरक्षणासाठीचा स्प्रे हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इन सामानातही चालत नाही. प्रोपेन किंवा ब्युटेनच्या डब्यांचेही तेच. कॅम्पिंगचा स्टोव्ह इंधनाचा मागमूस आणि वासही उरणार नाही इतका स्वच्छ असेल तरच नेता येतो. सुरी असलेले मल्टिटूल चेक-इन सामानात टाकावे. घरच्या लोणच्याची आणि तुपाची बरणी १०० मिलिलिटरच्या नियमात अडकते, आणि भाजणी-मेतकुटाचे मोठे पुडे हातातल्या बॅगेत असतील तर ते वेगळे तपासले जाऊ शकतात.

बंदूक हा गंभीर विषय आहे. संरक्षणासाठी गाडीत शस्त्र बाळगणारे अनेकजण असतात, आणि विसरून ते तपासणीच्या पट्ट्यावर गेले तर मोठा दंड होतो आणि प्रीचेक पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. “लक्षात नव्हते” हे कारण ऐकले जात नाही.

क्लिअर प्लस म्हणजे प्रीचेकच का?

नाही. ती खासगी सेवा आहे. ओळख पटवण्याच्या टप्प्यावर ती तुम्हाला पुढे नेते, पण तपासणी कोणत्या रांगेत होणार हे प्रीचेकवरच ठरते. तिच्या वार्षिक शुल्काच्या मानाने फिरस्त्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

मुंबईत उतरल्यावर यापैकी काही चालते का?

चालत नाही. भारताची स्वतःची जलद इमिग्रेशन योजना जून २०२४ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. ती भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारकांसाठी (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठी) आहे, तिला शुल्क नाही आणि नोंदणी पाच वर्षे किंवा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तोवर चालते. ती फक्त इमिग्रेशनपुरती आहे. सुरक्षा तपासणीची रांग तिथे सर्वांना सारखीच लागते.

नूतनीकरण कधी करावे?

प्रीचेकचे नूतनीकरण मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांपासून करता येते, बहुतेकांचे काम ऑनलाइन होते आणि शुल्कही कमी लागते. ग्लोबल एंट्रीसाठी ही मुभा एक वर्ष आधीपासून असते, आणि मुदतीपूर्वी अर्ज केला असेल तर निर्णय लागेपर्यंत, कमाल २४ महिने, लाभ चालू राहतात. दरम्यान अधिवासाचे राज्य बदलले असेल तर आधी परवाना, मग गाडीचा विमा आणि नोंदणी, मग बँक, आणि शेवटी नूतनीकरणाचा अर्ज असा क्रम ठेवावा. नवा परवाना हातात पडण्यापूर्वी अर्ज पाठवू नये.